लगेच वाचलेला आकडा

आजीने आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नाही, पण तिचे दात बघून कुणालाही तसंच वाटेल. समोरच्या दोन दातांवर आडवे तपकिरी पट्टे, कडेला खडूसारखा पांढरेपणा, एका दाताच्या टोकाचा टवका उडालेला. आमच्या गावात असे दात इतके आहेत की लहानपणी मला वाटायचं, माणूस मोठा झाला की त्याचे दात असेच होतात. मी स्वतः तालुक्याच्या गावी वाढले, वडिलांच्या नोकरीमुळे. माझे दात पांढरे आहेत. अकरावीला नागपुरात होस्टेलवर आले तेव्हा आमच्या घरच्या लग्नाचे फोटो बघून रूममेटने सहज विचारलं, "तुमच्याकडे बायापण खर्रा खातात का गं?" मी नाही म्हटलं. पुढे काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं.

ते पाणी होतं. गाव यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाकडच्या टोकाला. बोअरचा हातपंप, त्यात फ्लोराइड. खडकातल्या खनिजांतून ते पाण्यात उतरतं, आणि पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर जास्तच उतरतं. रंग नाही, वास नाही. उलट अशा बोअरचं पाणी विहिरीपेक्षा स्वच्छ दिसतं. भारतात या आजाराची पहिली नोंद १९३७ सालची, नेल्लोरकडची. म्हणजे आजीच्या जन्माच्याही आधीपासून कुणाला तरी हे माहीत होतं. फक्त आमच्यापर्यंत ते आलं नव्हतं.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी फ्लोराइड म्हटलं. सरांनी कारण विचारलं नाही. "स्पेक्ट्रो रिकामाच असतो दुपारी," एवढंच म्हणाले.

आता थोडं मोजण्याबद्दल. कंटाळा येईल असं वाटत असेल तर थांबा, कारण पुढे जे घडलं ते सगळं याच्या पोटात आहे.

शाळेच्या पुस्तकात 'संहती' असा एक शब्द होता. एका लिटर द्रावणात एखादी गोष्ट किती विरघळली आहे, ती संहती. परीक्षेत दोन मार्कांना यायची. पण पाण्यात विरघळलेली वस्तू वेगळी काढून तराजूत टाकता येत नाही. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे दहा लाखांत एक भाग. म्हणून प्रयोगशाळेत आपण ती वस्तू मोजतच नाही. तिने दुसऱ्या कशाचं काय केलं ते मोजतो: रंग किती बदलला, व्होल्टेज किती सरकलं, ब्युरेटमधून किती थेंब पडले. म्हणजे साक्षीदाराची साक्ष घेतो. साक्षीदार बहुतेक वेळा खरं बोलतो.

फ्लोराइडचा आमचा साक्षीदार होता एक लाल रंग. स्पॅड्न्स नावाचं रंगद्रव्य आणि झिर्कोनियम एकत्र केले की गडद लाल द्रावण तयार होतं. त्यात फ्लोराइडचं पाणी घातलं की फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेतं, रंगद्रव्य एकटं पडतं आणि लाली उतरते. फ्लोराइड जितकं जास्त, तितका रंग फिका. हे मला पहिल्यापासून विचित्र वाटायचं. आपल्या डोक्यात गडद म्हणजे जास्त असं बसलेलं असतं. कोकम सरबत गडद, म्हणजे कोकम भरपूर. इथे उलटं. ग्लास जितका निरागस दिसतो तितकं विष जास्त.

डोळ्याने फिका-गडद सांगता येतं, पण किती ते सांगता येत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर. एक सेंटिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये द्रावण ओतायचं, त्यातून ५७० नॅनोमीटरचा प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते बघायचं. दहातला एक भाग पोचला तर शोषण १, शंभरातला एक पोचला तर २. द्रावणाची जाडी तीच ठेवली तर शोषण संहतीच्या प्रमाणात वाढतं. हा नियम बूगेर, लँबर्ट आणि बेअर अशा तिघांनी १७२९ ते १८५२ या काळात तुकड्यातुकड्याने मांडला. पुस्तकांत बऱ्याचदा बूगेरचं नाव गळतं. पहिला तोच होता.

पण यंत्राला मिलिग्रॅम कळत नाही, त्याला फक्त प्रकाश कळतो. म्हणून त्याला आधी शिकवावं लागतं. २२१ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड एका लिटर पाण्यात विरघळवलं की शंभर मिलिग्रॅम प्रतिलिटर फ्लोराइडचं द्रावण मिळतं. त्यातून पातळ करत करत ०.२, ०.४ असे १.४ पर्यंतचे स्टँडर्ड बनवायचे, प्रत्येकाचं शोषण वाचायचं आणि आलेखावर ठिपके मांडून त्यांतून रेघ काढायची. मग अनोळखी पाण्याचं शोषण त्या रेघेवर शोधायचं. ही कॅलिब्रेशनची रेघ. आमच्या लॅबमध्ये तिच्या सरळपणाची फार चढाओढ असायची. ०.९९९ आलं की मुलं स्टेटस टाकायची. माझी पहिली रेघ ०.९८ ची होती, कारण मी पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून काढत होते. तो फुंकायचा नसतो. टोक भिंतीला टेकवून थांबायचं. जे पिपेटमध्ये उरतं ते उरू द्यायचं, त्याचा हिशेब आधीच धरलेला असतो. हे सांगायला लॅबचे असिस्टंट काका लागले. ते दुपारी डबा खाता खाता अशा गोष्टी सांगायचे, आणि कुठल्याही लेक्चरपेक्षा त्या जास्त उपयोगी पडल्या. फ्लोराइडचे नमुने काचेच्या बाटलीत ठेवायचे नाहीत, प्लास्टिकच्या ठेवायच्या, हेही त्यांनीच सांगितलं. फ्लोराइड काचेत जातं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावच्या आणि आसपासच्या हातपंपांचं पाणी गोळा केलं. आमच्या घराजवळच्या हातपंपाचा आकडा आला २.६. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा पर्यायी स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्या पुढे नाही.

आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "कायले मोजतं व पोरी? दात दिसते ना."

तिचं बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात आजी नव्हती, चिऊ होती. माझ्या भावाची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. दातांवरचे डाग येतात ते दात हिरड्यांच्या आत तयार होत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत. त्यानंतर कितीही फ्लोराइड प्यायलं तरी दातांना डाग पडत नाहीत. मग ते हाडांकडे जातं, पण त्याला खूप वर्षं लागतात. म्हणजे चिऊचे पक्के दात त्या क्षणी तिच्या जबड्यात घडत होते, आणि ते कशाच्या पाण्यावर घडणार हे अजून ठरायचं होतं.

वहिनींना हे माझ्याआधी कळलं होतं, माझ्या कुठल्याही आलेखाशिवाय. लग्न होऊन आल्यावर त्यांनी गावातले दात बघितले, आणि चिऊ झाल्यापासून त्या पिण्याचं पाणी हातपंपावरून आणतच नव्हत्या. शिवारात धुऱ्याजवळ एक जुनी विहीर आहे. तिथून डोक्यावर एक गुंड आणि कमरेवर एक. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं, रोज दोन खेपा. त्या विहिरीचं पाणी मी तपासलं तर ०.६.

तेव्हा माझ्या डोक्यात एक कल्पना आली. आता ती आठवली की कानशिलं तापतात.

नळगोंडा पद्धत मी प्रोजेक्टसाठी वाचली होती. नागपूरच्याच नीरी या संस्थेने ती शोधली आणि फ्लोराइडग्रस्त नळगोंडा जिल्ह्यावरून तिला नाव मिळालं. पाण्यात तुरटी आणि थोडा चुना घालायचा, दहा मिनिटं ढवळायचं, तासभर निवू द्यायचं. पांढरे भुरभुरीत गोळे तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटून तळाशी बसतं. तळापासून चार बोटं वर तोटी बसवलेली चाळीस लिटरची बादली घ्यायची आणि वरचं नितळ पाणी वापरायचं. वीज लागत नाही, पैसे फार लागत नाहीत. दिवाळीतच मी तालुक्याहून बादली आणली, तोटी बसवून घेतली, तुरटी आणि चुना काट्यावर तोलून पुड्या बांधून ठेवल्या. शेजारच्या आठ घरांनीही बादल्या केल्या. मी परत जाताना प्रत्येक घरची एक बाटली घेऊन गेले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बादलीच्या पाण्याचा आकडा आला ०.७.

मी लॅबमधूनच फोन केला. "वहिनी, झालं. आता विहिरीवर जायची गरज नाही. तिच्यासारखंच पाणी घरात आहे."

वहिनी हसल्या. त्यांचं ते हसू मी फार दिवस पुरवून पुरवून आठवलं.

*

मार्चमधली दुपार. बादल्यांच्या पाण्याची दुसरी फेरी आली होती. नऊ घरांचे नऊ नमुने, सोबत काही हातपंपांचे कच्चे नमुने आणि सगळे स्टँडर्ड. सगळ्यांत लाल रिएजंट घातलं, सगळं वाचलं, वहीत उतरवलं. आमच्या घरचं ०.८. ठीक आहे, थोडं वाढलं, वहिनी आता चमच्याने तुरटी घालत असतील. दोन-तीन नमुने पुन्हा वाचावेत म्हणून हात पुढे केला आणि वीज गेली.

जनरेटर फक्त ऑफिसला होता. मी फ्लास्क तसेच टेबलावर ठेवून कँटीनमध्ये गेले. वीज आली अडीच तासांनी. यंत्राचा दिवा तापायला वेळ लागतो, तोही दिला. मग शून्य पुन्हा लावून दोन-तीनच नव्हे, सगळेच पुन्हा वाचायला घेतले, कारण घरी जाऊन करायचं तरी काय होतं.

स्टँडर्ड जसेच्या तसे. हातपंपांचे कच्चे नमुने जसेच्या तसे. बादल्यांचे नऊच्या नऊ नमुने फिके झाले होते.

आमच्या घरचं आता १.३ होतं.

पहिला विचार आला, उकाडा. पंखा बंद होता, या रंगावर तापमानाचा परिणाम होतो हे माहीत होतं. पण मग स्टँडर्डही हलायला हवे होते. तेही त्याच टेबलावर, त्याच उकाड्यात होते. दिवा अस्थिर असता तर सगळेच आकडे हलले असते. यंत्र खरं बोलत होतं. मी अर्धा तास ते नऊ फ्लास्क नुसते बघत बसले. रंगात डोळ्याला काहीच फरक दिसत नव्हता. मग काकांना विचारलं, ते म्हणाले, "तुरटी म्हणजे काय असते?"

तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम.

पाणी तपासणाऱ्यांचा एक जाडजूड ग्रंथ आहे, 'स्टँडर्ड मेथड्स'. पहिली आवृत्ती १९०५ सालची, अजूनही आवृत्त्या निघतात. स्पॅड्न्सची पद्धत मी त्याच्याच झेरॉक्सवरून करत होते. झेरॉक्स कृतीपासून सुरू होत होती. त्याच्या आधीचं पान, ज्यावर कशाकशाने गडबड होते त्याचा तक्ता आहे, ते कुणीतरी झेरॉक्स काढताना सोडून दिलं होतं. आणि मीही कधी ग्रंथालयात जाऊन मूळ पुस्तक उघडलं नव्हतं. क्लोराइड लिटरमध्ये ७००० मिलिग्रॅम असेल तर ०.१ ची चूक होते. म्हणजे जवळपास चिंताच नको. ॲल्युमिनियम? फक्त ०.१ मिलिग्रॅम पुरे, तेवढीच चूक करायला, आणि चूक कमीच्या बाजूला. फ्लोराइडला ॲल्युमिनियमची ओढ फार. बादलीत आपण त्याच ओढीचा उपयोग करतो. पण तळाशी न बसलेलं थोडं ॲल्युमिनियम पाण्यात राहिलं तर ते फ्लास्कमध्येही फ्लोराइडला धरून ठेवतं आणि झिर्कोनियमपर्यंत पोचू देत नाही. रंग उतरत नाही. यंत्र सांगतं, फ्लोराइड कमी आहे. खाली तळटीप होती: हे आकडे लगेच वाचलं तर. थांबलं तर पकड हळूहळू सुटते. दोन तासांनी ३ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असलं तरी चालतं.

लगेच वाचलं तर.

मी नेहमी लगेच वाचायचे. त्याचा मला अभिमान होता. बाकीची मुलं रंग करून चहाला जातात, मी नाही.

हे सगळं जिथे सुरू झालं तिथेही ॲल्युमिनियमच होतं, ही गोष्ट मला नंतर कळली. अमेरिकेत कोलोरॅडोत फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य १९०१ पासून अशा तपकिरी दातांचं कोडं सोडवत होता. उत्तर मिळालं १९३१ साली, अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीच्या प्रयोगशाळेत. कंपनीचं बॉक्साइट याच नावाचं गाव आर्कान्सात होतं आणि तिथल्या मुलांचे दात असेच होते. लोक ॲल्युमिनियमच्या भांड्यांना दोष देतील ही कंपनीला भीती, म्हणून चर्चिल या तिथल्या मुख्य रसायनशास्त्रज्ञाने पाणी तपासायला लावलं. लिटरमध्ये १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. चर्चिलचा विश्वास बसला नाही. नमुना खराब झाला असणार म्हणून त्याने नवा मागवला आणि तपासणी पुन्हा करायला लावली. आकडा अवघड आला की माणूस पुन्हा मोजतो. मी ०.७ आल्यावर पुन्हा मोजलं नव्हतं. हवा होता तोच आकडा आला होता ना.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. त्यांनी तक्त्याचं पान वाचलं, चष्मा काढला. "पुस्तकात आहे हे."

"हो सर."

"मग वाचलं का नाही?" आणि मग थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात, "मी पण नाही विचारलं तुला. स्पाइक केलं होतंस?"

स्पाइक म्हणजे नमुन्यात आपल्याला माहीत असलेली मात्रा मुद्दाम घालायची आणि यंत्राला ती सापडते का बघायचं. एखाद्याच्या हिशेबावर विश्वास नसेल तर गुपचूप गल्ल्यात पन्नास रुपये टाकून संध्याकाळी बेरीज विचारावी, तसं. ही तपासणी करायला वीस मिनिटं लागतात. मी ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये केली होती, कारण तिथे ती सुंदर यायची. बादलीच्या पाण्यात केलीच नव्हती. त्या दिवशी केली. शेजारच्या एका घरच्या पाण्याचा लगेच वाचलेला आकडा ०.४. त्यात मी ०.५ घातलं. ०.९ यायला हवं होतं, ०.६ आलं. मी घातलेल्या पन्नास रुपयांतले वीसच सापडले, तीस ॲल्युमिनियमने खिशात घातले. दोन तास थांबल्यावर दोन्ही पुन्हा वाचले: ०.८ आणि १.३. पन्नासच्या पन्नास परत.

सरांच्या ओळखीने शहरातल्या दुसऱ्या एका लॅबमध्ये इलेक्ट्रोड वापरायला मिळाला. त्यात रंगाचा संबंधच नाही. टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा बारीकसा स्फटिक असतो आणि त्याला जवळजवळ फक्त फ्लोराइडच ओळखता येतं. १९६६ साली फ्रँट आणि रॉस यांनी तो बनवला. फ्लोराइड दहापट झालं की व्होल्टेज ५९ मिलिव्होल्टने सरकतं. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे उत्तरात चार टक्के, त्यामुळे मीटर स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बसावं लागतं. आणि नमुन्यात आधी टिसॅब नावाचं एक द्रावण घालतात. त्याचं एक काम म्हणजे ॲल्युमिनियमला स्वतःकडे ओढून घेऊन फ्लोराइडला सोडवणं. आमच्या बादलीचं पाणी त्यात १.४ आलं. ॲल्युमिनियम वेगळं मोजलं, ०.९. मानकाप्रमाणे ते फार तर ०.२ असावं. म्हणजे मी पाण्यातून थोडं फ्लोराइड काढलं होतं, सगळं पुरेसं नाही, आणि वरून ॲल्युमिनियम घातलं होतं. दोष पद्धतीचा नव्हता. तुरटीची मात्रा पाण्याच्या अल्कधर्मी क्षारांवर ठरवायची असते. मी ती एका तक्त्यातून अंदाजाने उचलली होती. आणि तास पुरा व्हायच्या आत आजी तोटी सोडायची, कारण तिला तहान लागायची. यात आजीची काय चूक?

(जाता जाता एक. दारावर येणारे वॉटर प्युरिफायरवाले पेनासारखा टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात आणि आपण घाबरतो. तो मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज बांधतो. त्यात मीठ किती, कॅल्शियम किती, फ्लोराइड किती, हे त्याला काहीही कळत नाही. आमच्या हातपंपाचं पाणी त्या पेनाने सहज पास झालं असतं.)

*

वहिनींना फोन करायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी इलेक्ट्रोडचा आकडा येऊ दे म्हणून. दुसऱ्या दिवशी तो आला होता. तिसऱ्या दिवसाचं कारण आता आठवत नाही.

१.४ हा आकडा असा आहे की त्यामागे लपता येतं. १.५ च्या आत आहे. मी मनात वाक्यही तयार केलं होतं: मर्यादेत आहे, पण थोडं सुधारू या. पण मानकातलं ते १.५ 'दुसरा पर्यायी स्रोत नसेल तर' या अटीवर आहे. वहिनींकडे पर्यायी स्रोत होता. पंचवीस मिनिटांवर, डोक्यावरून आणण्याचा. मीच तो बंद केला होता. शिवाय संहती हा लिटरमागचा आकडा आहे, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, माणूस किती लिटर पितो याला हिशेब नाही. मानकाच्या कागदावरचा माणूस आणि कापसाच्या रानातला माणूस सारखं पाणी पीत नाहीत.

सांगितलं सगळं. ॲल्युमिनियम, लाल रंग, थांबायचं राहिलं. वहिनी मधे काही बोलल्या नाहीत. मागे चिऊ कशासाठी तरी हट्ट करत होती.

"म्हंजे ते सात नव्हतंच," शेवटी त्या म्हणाल्या. ०.७ ला त्या सात म्हणायच्या.

"नव्हतं. चौदा होतं."

"आन् विहिरीचं?"

"विहिरीचं सहाच आहे. त्यात तुरटी नाही, तो आकडा खरा आहे."

"चार महिने पेली ना ताई ती."

मला वाटलं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बरं, जाईन मंग मी विहिरीवर," आणि चिऊला काहीतरी देऊन गप्प केलं, आणि माझं जेवण झालं का विचारलं.

इतर आठ घरांना फोनवर सांगणं बरं वाटेना, म्हणून शनिवारी गेले. दोन घरांत बादलीत तोपर्यंत ज्वारी भरलेली होती. एका काकांनी मला पाण्याबद्दल काही बोलूच दिलं नाही, चहा पाजला. एका घरची सून म्हणाली, "तुम्हीच सांगत होत्या ना चांगलं हाय म्हणून?" मी हो म्हटलं. एवढं एकच वाक्य मला कुणी बोललं, आणि जीपमध्ये बसल्यावर बरं वाटलं ते त्याच वाक्याने.

प्रबंधातला तक्ता टाइप होऊन बसला होता. कच्च्या नमुन्यांना काही झालेलं नव्हतं, ते राहिले. बादल्यांच्या पहिल्या फेरीचे नऊ आकडे होते. ते पाणी मी कधीच ओतून दिलं होतं आणि बाटल्या धुऊन दुसऱ्या फेरीला वापरल्या होत्या. म्हणजे ते आकडे दुरुस्त करायचा मार्ग नव्हता. दुसऱ्या फेरीवरून हिशेब लावून पहिले आकडे बसवता येतील का, असा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू. वर्गातल्या एका मित्राने तर गुणक काढूनही दिला. मी सरांना विचारलं. त्यांनी लाल पेनाने नऊही ओळींवर एक आडवी रेघ मारली, अशी की खालचे आकडे वाचता यावेत, आणि समासात लिहायला सांगितलं: रद्द, ॲल्युमिनियमचा अडथळा, वाचनापूर्वी थांबलेले नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. वीस मिनिटं त्यावरच गेली. मार्क बरे पडले, पण ते सांगण्यासारखं नाही.

त्या उन्हाळ्यात विहीर बरीच खाली गेली. वहिनी म्हणायच्या की दोर दोन हात वाढवावा लागला. मोठ्यांसाठी बादली, चिऊसाठी विहीर, असं त्यांनी ठरवलं. बादलीची मात्रा मी या वेळी क्षार मोजून ठरवली, पाणी दोन तास निवू द्यायचं, मग दुहेरी कापडातून गाळायचं. आजीसाठी माठ आदल्या रात्रीच भरून ठेवायचा. विहिरीत पाणी कमी झालं की क्षार दाटतात, म्हणून जूनमध्ये दादाकडून विहिरीची एक बाटली मागवली.

संध्याकाळी वहिनींना व्हॉट्सॲप केलं: ०.६.

दोन निळ्या रेघा आल्या. मग 'टायपिंग' बराच वेळ. मग: "लगेच वाचलं का थांबून?"

विहिरीच्या पाण्यात तुरटी नसते, त्यामुळे थांबलं काय न थांबलं काय, काही फरक पडत नाही, असं मी टाइप केलं. मग पुसलं. लिहिलं, "थांबून. दोन तास."

खरंच थांबले होते.